दुनाळीच्या नक्षीतलं कुंकू

आजोबांच्या दुनाळीवर पहिल्यांदा दहापट भिंग धरलं, तेव्हा नक्षीच्या आधी मला कुंकू दिसलं. लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्राच्या, पट्टीवरची बारीक वेलबुट्टी, तिची केसाएवढी चर, आणि त्या चरीत घट्ट बसलेलं लाल-तपकिरी काहीतरी. अर्धं कुंकू, अर्धा गंज. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी खंडेनवमीला दोन तलवारी, एक कट्यार आणि ही बंदूक पाटावर मांडली जाई. हळदीचं ओलं बोट, कुंकू, वर झेंडू. दसऱ्याला कुणीतरी फडकं फिरवायचं. वरचं निघायचं, चरीतलं राहायचं. किती वर्षांचं, कुणास ठाऊक.

ते काढायला मला एक अख्खा हिवाळा लागला आणि जुन्या दुनाळीबद्दल मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्या हिवाळ्यात कळलं. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा इथल्या कितीतरी मराठी घरांत अशी एखादी बंदूक आहे. कोणी ती विकायला काढतो, कोणी चकचकीत करून भिंतीवर टांगायला बघतो. दोन्हींच्या आधी हे वाचा.

आधी कागद

बंदूक बघायची घाई असते, पण पहिली पायरी परवान्याचीच. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम आपल्याला लागू आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच धरली जाते. म्हणजे आपल्याकडचा संग्राहक हा दोन बंदुकांचा संग्राहक. मला आधी हे जाचक वाटलं. आता वाटतं, वीस बंदुकांचा मालक जे कधी बघणार नाही ते दोनवाल्याला बघावंच लागतं.

परवानाधारक वारला तर बंदूक कपाटात तशीच पडू देऊ नका. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. वडिलांनी सत्तरी गाठली असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्या परवान्यावर असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. आमच्या घरी ही सोय कोणालाच ठाऊक नव्हती आणि दीड वर्ष फेऱ्यांत गेलं. परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवून बघा. जुन्या कारकुनाच्या हातून ३चा ८ झालेला असतो, आणि तो नूतनीकरणाच्या दिवशीच नेमका सापडतो.

‘शंभर वर्षं जुनी आहे, तिला कसला परवाना’ हे वाक्य आमच्या बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य चौकात, चहा पिताना हमखास ऐकू येतं. चूक आहे. कायद्याची सूट आहे ती जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही वाजणार नाही. आजोबांची दुनाळी उत्तम वाजते. सूट मिळते का हे आपण ठरवायचं नाही, कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेतून लेखी घ्यायचं. आणि तुमचं घर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल, जसं आमच्याकडे घाटीगावच्या सोनचिरैया अभयारण्याच्या कडेच्या गावांचं, तर वनखात्याकडेही बंदुकीची नोंद लागते. शिकारीचा विषय १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपला. लग्नातल्या हर्ष-फायरला २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणूक आली की बंदूक जमा, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. एका ठाण्यात आमच्या बंदुकीला ओळखचिठ्ठी बांधली ती लोखंडी तारेने. अडीच महिन्यांनी परत आली तेव्हा नळीवर तारेचा गोल ओरखडा कायमचा उमटला होता. तेव्हापासून मी स्वतःच सुती नाडीने चिठ्ठी बांधून, नळीला तेलाचा हलका हात देऊन, चारी बाजूंचे फोटो काढून मगच नेतो. जमेल तेव्हा विक्रेत्याकडे जमा करतो, भाडं पडलं तरी.

उघडा, रिकामी आहे ना बघा, मग तीन तुकडे करा

कोणाचीही बंदूक हातात आली की पहिली कृती एकच: वरची कळ दाबून ती मधोमध वाकवून उघडायची आणि दोन्ही घरांत, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, बोट घालून बघायचं. ‘रिकामीच आहे हो’ असं सांगणाऱ्या माणसासमोर तर नक्कीच. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या काढा. आता तुमच्यासमोर तीन तुकडे आहेत: नळ्या, लाकडी दस्त्यासकट ॲक्शन (यंत्राचा मधला भाग), आणि पुढचं लाकूड. तिन्हींवर एकच नंबर हवा. एकावर वेगळा असेल तर दोन बंदुकांची एक केलेली आहे, आणि किंमत निम्म्याहून खाली.

बाहेरून दोन घराणी. ‘घोड्याची’, म्हणजे ठोकणारे घोडे बाहेर दिसणारी, आणि ‘बिनघोड्याची’, म्हणजे ते आत लपलेली. बिनघोड्यांत पुन्हा दोन: साइडलॉक, म्हणजे दोन्ही बाजूंना लांबट पट्ट्या आणि त्यांच्या आतल्या अंगाला यंत्र, आणि बॉक्सलॉक, म्हणजे सगळं यंत्र मधल्या पेटीत. बॉक्सलॉकची ही रचना १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समध्ये काम करणाऱ्या ॲन्सन आणि डीली यांनी काढली, आणि ती इतकी सोपी निघाली की जगभरच्या बंदुका तशाच बनू लागल्या. साइडलॉक महाग, कारण काम जास्त आणि नक्षीला अंगण मोठं. पण पट्ट्या बघून फसू नका. कित्येक बॉक्सलॉकना बाहेरून नुसत्या खोट्या पट्ट्या लावलेल्या असतात, दिसायला साइडलॉक.

नळ्यांखालची पत्रिका

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सोनेरी अक्षरात जे नाव दिसतं ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांवर मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची नावं भरपूर सापडतात. हे बडे विक्रेते. त्यांचा बराच माल बर्मिंगहॅममध्ये बनून त्यांच्या नावाने यायचा. (रॉडाचंच मॉझर पिस्तुलांचं खोकं २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी पळवलं. पन्नास पिस्तुलं. त्या नावाची साधी दुनाळी हातात आली तरी मला ती गोष्ट आठवते.)

खरी पत्रिका नळ्यांच्या पोटाला, मागच्या सपाट भागावर असते. तिथे बारीक ठसे आहेत. विलायतेत प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून बघायचा कायदा होता, आणि टिकली तर ठसा. लंडनची सनद १६३७ची, बर्मिंगहॅमचं परीक्षाघर १८१३चं. मुकुटाखाली जीपी म्हणजे लंडन. मुकुट आणि एकमेकांवर फुली मारलेले राजदंड म्हणजे १९०४च्या आधीचं बर्मिंगहॅम. त्यानंतर मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही. मुकुटाखाली बीएनपी दिसलं तर ती परीक्षा १९५४ नंतरची. अंडाकृतीत ईएलजी असेल तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची, मग वर कितीही इंग्रजी नाव असो.

सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘नायट्रो’ (म्हणजे आजची बिनधुराची दारू), किंवा त्याची एनपी ही अक्षरं. लंडनच्या ठशात त्या अक्षरांवर तलवार धरलेला हात असतो. ही परीक्षा १८९६पासून सुरू झाली. ती खूण नसेल तर ती नळी काळ्या दारूवरच पारखलेली आहे. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. एकदाही नाही, ‘आजोबा तर उडवायचे’ म्हणूनही नाही.

दुसरी गोष्ट घराची लांबी. जुन्या इंग्रजी बारा बोअरची घरं बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलीमीटरची. आजची काडतुसं पुष्कळदा ७० मिलीमीटरची. लांब काडतूस आखूड घरात आरामात बसतं, म्हणूनच धोका कळत नाही. सुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. आपल्या खडकीच्या कारखान्याची काडतुसं घेतलीत तरी डब्यावरचा आकडा वाचा.

बोअर म्हणजे काय हे विचारलं की पुष्कळ जाणकारही गडबडतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातल्या एका गोळीची जाडी ती बारा बोअर, म्हणजे .७२९ इंच. सोळा बोअर .६६२, वीस बोअर .६१५. जुन्या ठशात १३ किंवा १३ भागिले १ असंही दिसतं. ती तेव्हाची मोजलेली जाडी. आज मोजून ती ठशापेक्षा .०१० इंचाहून जास्त भरली, तर नळी आतून घासून साफ केलेली आहे आणि जुनी परीक्षा रद्दच समजायची. हे मोजमाप जाणत्या बंदूक-कारागिराकडूनच करून घ्या, आणि नळीची भिंत किती जाड उरली आहे तेही. सर्वांत पातळ जागी ती .०२० इंचाच्या खाली गेली असेल तर ती बंदूक फक्त बघायची.

घरी करण्यासारखी एक परीक्षा मला फार आवडते. नळ्या खालच्या खोबणीत बोट अडकवून लटकत्या धरा आणि नखाने टिचकी मारा. नाद लांबला तर पट्ट्यांचे सांधे पक्के. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर कुठेतरी जोड सुटला आहे. मग नळीतून ट्यूबलाइटकडे बघा. आत पडणाऱ्या प्रकाशाच्या रेषा सरळ असल्या पाहिजेत, कुठे मोडली तर पोचा, कुठे कडं दिसलं तर फुगवटा.

दमास्कस नळी ओळखणं मात्र आनंदाचं काम. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या पीळ देऊन, गजाभोवती फितीसारख्या गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव करायच्या; मग आम्लाने वरचं खाऊन टाकलं की शालीच्या काठासारखी नक्षी उमटते. ही नक्षी धातूतच असते. स्वस्त बेल्जियन बंदुकांवर साध्या पोलादावर तसं चित्र छापलेलंही असतं. पुढच्या लाकडाखालचा झाकलेला भाग बघा. पीळ तिथेही सलग गेला पाहिजे.

आता नक्षी

दिवसाउजेडी खिडकीजवळ बसा. ट्यूबलाइट बंद. एकाच बाजूने, जवळजवळ आडवा प्रकाश हवा. मी मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवतो. समोरून प्रकाश टाकला की सगळी नक्षी सारखीच छान दिसते, तो सराफाकडचा उजेड.

इंग्रजी नक्षीचे ढोबळ दोन बाज. एक लंडनच्या पर्डी कंपनीच्या बंदुकांवरचा: अगदी बारीक वळसे आणि मधूनमधून गुलाबाचे गुच्छ, दुरून नुसती धुरकट जाळी वाटते. दुसरा हॉलंड अँड हॉलंडच्या ‘रॉयल’वरचा: मोठी, खोल, रुंद पानांची वेल, हातभर अंतरावरूनही वाचता येणारी. तितर, बदक, कुत्रे यांची चित्रं बहुतेक पट्टीच्या मध्यभागी किंवा पोटाला. जर्मन आणि ऑस्ट्रियन कामात उठाव जास्त, ओकची पानं, हरणं. इटलीत ब्रेशियाजवळच्या त्रोम्पिया खोऱ्यातल्या गार्दोनेचे कारागीर ‘बुलिनो’ने काम करतात: हातोडी नाही, नुसत्या हाताच्या दाबाने टोचलेले हजारो ठिपके, आणि त्यातून फोटोसारखी छाया. फिर्मो फ्राकासी हे त्यातलं मोठं नाव. इंग्लंडात केन हंट. जुन्या बंदुकांवर मात्र कारागिराची सही क्वचितच मिळते. तो घरी बसून नगावर पैसे घेणारा माणूस होता.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तलवारीच्या मुठीवरची कोफ्तगिरी आपण पाहिलेली आहे: पोलादावर आडवे-उभे ओरखडे काढायचे, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची. तहनिशानात चर खोल कोरून तार आत बसते. इंग्रजी बंदुकीवर सोन्यात भरलेले १ आणि २ हे आकडे दिसले, तर ते आपल्या तहनिशानाचेच भाऊ. ‘१’ दिसला तर समजा बंदूक जोडीतली होती, आणि तिची ‘२’ कुठेतरी दुसऱ्या कपाटात आहे.

हाताचं काम की यंत्राचं, हे असं बघा. भिंगाखाली एकच वळसा निवडा आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत डोळ्याने चाला. हाताने कोरलेली चर बारीक सुरू होते, वळणावर फुगते, शेवटी पुन्हा बारीक होत सुटते, मोडी लिहिणाऱ्याचा बोरू उचलला जातो तशी. तळ चकचकीत आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखा. दाबून उमटवलेल्या नक्षीत सगळीकडे एकच खोली, कडा गोल. आम्लाने खाल्लेल्या नक्षीचा तळ खरबरीत. लेझरचं काम भिंगाखाली सारख्या ठिपक्यांत फुटतं. आजोबांच्या बंदुकीवर डाव्या पट्टीच्या मागच्या टोकाला एक वळसा आहे, जिथे कारागिराची छिन्नी घसरली आहे. तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा, आणि त्याने तो तिथेच एका पानाच्या शिरेत मुरवून टाकला आहे. माझ्या मते ती त्या बंदुकीची सही.

मग झीज बघा. हात जिथे लागतो तिथे झीज नैसर्गिक: पेटीचं पोट, चापाच्या कडीचा खालचा भाग, वरच्या कळेचं टोक. तिथे गुळगुळीत आणि कोपऱ्यात तीक्ष्ण, हे निरोगी लक्षण. सगळीकडे सारखं गुळगुळीत आणि सारखं चमकदार असेल तर कोणीतरी बफ मारला आहे. खात्री करायची तर स्क्रूभोवती बघा. बफ मारलेल्या पट्टीत स्क्रूच्या तोंडाशी बशीसारखा खळगा पडतो आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. आणखी एक फसवणूक म्हणजे पुन्हा कोरलेली नक्षी: जमीन झिजलेली, वळशांच्या कडा गोल, पण आतली रेघ काल कापल्यासारखी. त्या दोन वयांचा मेळ बसत नाही.

स्क्रू हे खरे साक्षीदार. चांगल्या बंदुकीत प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरही नक्षी असते आणि आजूबाजूच्या वेलीशी ती सलग जुळते. खाचा सगळ्या नळीच्या दिशेत. एखादा स्क्रू तिरका उभा असेल, खाच चावलेली असेल, तर आत कोणीतरी चुकीचा पेचकस घेऊन शिरलं होतं.

शेवटी रंग. हाडं आणि चामड्याच्या कोळशात भरून, तापवून, पाण्यात विझवलेल्या पोलादावर निळा, पिवळा, तपकिरी असे ढग येतात. थर अतिशय पातळ. जुन्या बंदुकीत ते फक्त आडोशाला उरतात: कळेखाली, चापांच्या मागे. आडोशाला थोडे रंग असलेली करडी बंदूक मी नव्याने रंग चढवलेल्या बंदुकीपेक्षा केव्हाही घेईन.

नजर तयार व्हायची असेल तर ग्वाल्हेरच्या १८७४च्या जयविलास महालातल्या संग्रहालयात आणि वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलासच्या शस्त्रागारात वेळ काढा. काचेसमोर उभं न राहता बाजूने, तिरकं बघा.

लाकूड

अक्रोडाचं. मनगटाजवळ, म्हणजे दस्त्याच्या बारीक भागाशी, आणि लॉकच्या मागच्या टोकाशी तडा आहे का बघा. काळपट, मऊ लाकूड म्हणजे वर्षानुवर्षं तेल मुरलं आहे. म्हणून बंदूक तेल दिल्यावर तोंड खाली करून ठेवावी. बाकी लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळव्याने चोळा, पुरे.

घ्यायची तर

सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे. म्हणून आपल्याकडे जुन्या विलायती नावांना गुणाहून जास्त भाव येतो. दोनच जागा असतील तर माझा सल्ला: एक घरची, जशी असेल तशी, आणि दुसरी नावासाठी न घेता नक्षीसाठी, मूळ स्थितीतली, झिजली तरी चालेल पण न घासलेली. व्यवहार परवान्यावर आणि परवानाधारक विक्रेत्यामार्फतच. जुनी चामडी पेटी सोबत मिळाली तर सोडू नका. झाकणाच्या आतल्या लेबलवरचा पत्ता बंदुकीचं वय सांगतो: पर्डीचं दुकान १८८०च्या दशकात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटला गेलं, त्यामुळे पत्ता वाचला की पेटी त्याच्या आधीची की नंतरची हे कळतं. पर्डी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या वह्या अजून आहेत. नंबर कळवून फी भरली की मूळ नोंद मिळते.

दोनांपलीकडचा संग्रह कागदावर करा. पातळ कागद पट्टीवर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की नक्षी उमटते, नाण्याची उमटवायचो तशी. मित्रांच्या बंदुकांचे, त्यांच्या समोर आणि त्यांच्या हातात बंदूक असताना घेतलेले असे चाळीसेक ठसे माझ्या वहीत आहेत. त्यांना कोणी परवाना मागत नाही.

कुंकू काढताना, आणि नंतर

भांडी घासायची पावडर, चिंच, ब्रासो, पोलिश पेपर: काहीही नाही. मी हलकं खनिज तेल चरीत सोडून आठवडा जाऊ दिला, मग बांबूच्या दातकोरणीचं टोक भिंगाखाली चरीतून ओढत गेलो. धातूची सुई नाही, सुई नवी रेघ काढते. एका संध्याकाळी नखाएवढी जागा. तपकिरी गंज जो सुटला नाही, तो राहू दिला. खोबरेल तर कधीच नको. ते थंडीत थिजतं, उन्हाळ्यात चिकट होतं आणि आतल्या कमानी जखडतात. तेलानंतर पातळ मेणाचा एक हात.

चामडी पेटी फक्त बघायची. बंदूक तिच्यात कायम ठेवली तर चामडं ओल धरतं. आमच्याकडे मे महिना कोरडा, लाकूड आकसतं. वडोदऱ्याच्या मामेभावाकडे श्रावणात उलट, दर रविवारी नळी पुसावी लागते. बंदूक कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात.

पूजेचं काय, हा प्रश्न आईने विचारला होता. खंडेनवमीला शस्त्राला कुंकू लागलं नाही असं घरात कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, बंदुकीवर नको. ती थोडा वेळ गप्प बसली, मग रिकामी चामडी पेटी स्वतः उचलून पाटावर ठेवली, शेजारी उघडून ठेवलेली बंदूक, आणि हळदीचं बोट लावलं ते पेटीच्या झाकणाला. आता त्या चामड्यावर ओळीने सात डाग आहेत. गेल्या वर्षी लावताना तिने मोजले.